प्लेटला हळद सोसत नाही

"ही आमची सून न्हाई," सासूबाई म्हणाल्या आणि फोटो पाटावर पालथा घातला.

मी तिथंच उभी होते, पाण्याचा तांब्या हातात. लग्नाला पाच दिवस झाले होते, हळद अजून फेडायची होती. फोटोतल्या नवरीचं लुगडं माझं, मुंडावळ्या माझ्या, नथ माझ्या आईची. तोंड मात्र तव्याच्या बुडासारखं. मी गव्हाळ. कुणी एकदा माझ्याकडे आणि एकदा फोटोकडे बघितलं असतं, तर फोटो चुकलाय म्हणाला असता. पण सासूबाईंचा तर्क वेगळा होता.

"भाजे गावच्या लोकांनी हळद फासून पोरगी उजळ केली. माणूस फसंल, यंत्र कसं फसंल? त्याला हळदीच्या आतलं दिसतं."

यजमानही फोटोत काळेच निघाले होते. पण ते मुळातच काळे, त्यामुळे त्यांचा फोटो हुबेहूब आला असं सगळ्यांचं मत पडलं.

"हळद फेडायला हिला माहेरी धाडा," सासूबाई म्हणाल्या, "आन् तितंच राहू द्या."

माझं बोचकं बांधून दाराशी ठेवलं गेलं. लोणावळ्याहून मळवली स्टेशन आणि तिथून चालत भाजे, माझं माहेर, एवढाच रस्ता. पण अशी परत पाठवलेली मुलगी पुन्हा नांदायला आल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. मी तेव्हा तेरा वर्षांची होते.

हा घोळ करणारे दिगूनाना आमच्या घरापासून चार दारांवर, बाजारामागं राहायचे. सासरे तुंगार्लीला एका बंगल्यावर माळी होते. तिथल्या भिंतीवर लग्नाचा फोटो बघितल्यापासून त्यांनी हट्ट धरला होता, म्हणून नानांना भाज्याला आणलं होतं. नाना उंच, हडकुळे. अंगात लांब कोट. प्लेटा धुण्याच्या औषधानं दहाही बोटं काळी पडलेली. त्या वेळी फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा आणि ती प्लेट पिवळ्या रंगाला आंधळी असायची. पिवळं ते तिला काळं. हे नानांना ठाऊक होतं, बाकी मावळात कुणाला ठाऊक नव्हतं.

त्यामुळे नानांचं आणि हळदीचं उभं वैर. लग्नाच्या आदल्या दिवशीच ते मांडवात हजर व्हायचे आणि बायकांच्या घोळक्यात हात जोडून उभे राहायचे. "हाताला लावा, पायाला लावा, पाठीला पोतंभर लावा. गाल तेवढे सोडा. प्लेटला हळद सोसत नाही." बायका त्यांनाच धरून फासायच्या. दुसऱ्या दिवशी नाना पिवळ्या कानांनी फोटो काढायचे.

माझ्या लग्नात त्यांनी ओला पंचा आणला होता. आमची आत्या कमरेला पदर खोचून आडवी आली.

"नवरीची हळद धुवायची व्हय? तुमचं यंतर धुवा की."

"अहो आत्याबाई, पोरगी काळी निघेल."

"निगू द्या. बाधा तर व्हनार न्हाई."

मग नाना काळ्या फडक्यात डोकं घालायला लागले तर आत्या पुन्हा पुढं. लग्नात काळं फडकं चालायचं नाही. शेवटी यंत्राला कुंकू लावून वर अक्षता टाकल्या तेव्हा ती मागं सरली. नशीब, कुंकू भिंगाला लावलं नाही. "हलाल तर दोन तोंडांचे निघाल," असं दटावून नाना आठ आकडे मोजायचे. माझ्या मामानं धास्तीनं जेवणाची पंगत बसेपर्यंत मान हलवली नाही.

तर त्या पाचव्या दिवशी सासऱ्यांनी नानांना खडसावायला बोलावलं. नाना आले ते हसत आले. दाराशी बोचकं दिसलं आणि ते उंबऱ्यावरच थांबले.

"ही कुठं निघाली?"

"माहेरी," सासूबाई म्हणाल्या. "तुमच्या यंत्रानं डोळं उघडलं."

नाना एरवी हळदीवर तासभर बोलायचे. त्या दिवशी तसेच मागं फिरले. घरी गेले, यंत्र घेऊन आले आणि सासूबाईंना म्हणाले, "मावशी, अर्ध्या तोंडाला हळद लावा. अर्धं तसंच ठेवा. दोन्ही अंगं सारखी निघाली, तर पोरीला मी स्वतः पोचवतो."

सासूबाई हरणाऱ्यातल्या नव्हत्या. "लाव गं," मला म्हणाल्या. मी लावली. जरा दाबूनच लावली.

अंगणात स्टुलावर सासूबाई, डावं अंग पिवळं. भोवती अख्खी आळी. नानांनी आठ मोजले. जेवले नाहीत, घरच्या मागच्या खोलीत जाऊन बसले आणि दुपारी फोटो घेऊन आले. एकीकडे सासूबाई, दुसरीकडे कोळशाची वखार.

सासूबाईंनी फोटो लांब धरला, जवळ धरला. मग काळ्या अंगावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्या अंगानं मी माझ्या सासूवानी दिसती." थोड्या वेळानं मला म्हणाल्या, "बोचकं सोड."

पुढं नानांची आणि माझी ओळख वाढली. ते स्वतःच्या वरणातही हळद घालत नसत. असं पांढरं वरण खाणाऱ्याला मुलगी कोण देणार, म्हणून मी एकदा तोंडावरच विचारलं, "नाना, तुम्ही लग्न का नाही केलं?"

"केलंय की," ते म्हणाले आणि प्लेट पुसायला लागले.

माझ्या थोरल्या लेकीच्या लग्नापर्यंत नव्या तऱ्हेची फिल्म आली होती. नानांनी थोरलीला हळद लावताना कुणाला अडवलं नाही. उलट म्हणाले, "गालाला अजून लावा." चार दिवसांनी मी फोटो आणायला गेले. थोरली होती तशीच निघाली होती. नाना फोटोवर बोट आपटत राहिले. "सोसली. हिला सोसली."

मग त्यांनी फळीवरून खणाच्या कापडात गुंडाळलेली एक प्लेट काढली आणि खिडकीशी धरली. प्लेटवर सगळं उलटं असतं, काळं ते कोरं दिसतं. नवऱ्याच्या शेजारी नवरी होती आणि तिच्या तोंडाच्या जागी नुसती काच. त्यातून पलीकडचं अंगण दिसत होतं.

"माझीच आहे," नाना म्हणाले. "तेव्हा नुकता शिकलो होतो; यंत्र मी लावलं, आठ दुसऱ्यानं मोजले. आईनं फोटो बघून हिला माहेरी धाडली. प्लेटला पिवळं दिसत नाही हे मला पुढच्या वर्षी कळलं. आणायला गेलो, तर मानमोडीच्या तापाच्या साथीत गेली होती."

माझ्या लग्नानंतर ते लोकांच्या बायका प्लेटवर पेन्सिल फिरवून उजळ करून द्यायला लागले होते. मी म्हटलं, "हिला का नाही केली?"

"पाच दिवस घरात होती, तेही तोंडावर पदर. मला तिचं तोंड आठवत नाही. पेन्सिलीनं भलतीच बाई निघायची."

तिचं नाव गंगू होतं. तिला पाठवलं, ती माहेरीच मेली. मला ठेवून घेतलं. मी पंच्याहत्तरी ओलांडली.