आमच्याकडे शेरीचंच पीप लागतं

"आमच्याकडे बर्बनचं पीप चालत नाही," हे मुकुंद सबनीस ज्या सुरात म्हणायचा, त्याच सुरात आपल्या बायका 'आमच्याकडे कांदा-लसूण चालत नाही' असं सांगतात. नव्या माणसाला वाटे, याचं स्कॉटलंडात घर असावं, निदान नोकरी तरी. प्रत्यक्षात 'आमच्याकडे' म्हणजे तिथल्या डोंगरातली व्हिस्कीची एक डिस्टिलरी. मुकुंद ती जन्मात एकदाच, भर पावसात, पर्यटकांच्या घोळक्याबरोबर पाहून आला होता.

मेलबर्नच्या पॉइंट कुकमध्ये तो माझा शेजारी. पाणीपुरवठ्यातला इंजिनिअर, वृत्तीने पक्का पुणेरी. आता तो नाही. संध्याकाळी त्याच्या गराजचं दार बंद दिसलं, की अजूनही पाय क्षणभर थांबतात.

त्या गराजमध्ये गाडी कधीच नव्हती. टेबल, चार खुर्च्या आणि काचेच्या कपाटात त्या एकाच डिस्टिलरीच्या बाटल्या. बर्बन या अमेरिकन व्हिस्कीची नव्हे, तर शेरी नावाच्या स्पॅनिश वाइनची पिपं रिकामी झाली, की तिथे त्यांत व्हिस्की भरतात. ती वर्षानुवर्षं मुरते आणि लाकडाकडूनच रंग घेते. "वरून रंग घालत नाहीत हो आमच्याकडे!" ग्लास उजेडात धरून मुकुंद म्हणे, जणू मुलगी दाखवतोय.

पिण्याआधी हुंगायचं, हा नियम. "आधी नाक!" तो ओरडे. मग स्वतः डोळे मिटून सांगे, "मनुका. संत्र्याची वाळलेली साल. दालचिनी. आणि मागून, अगदी मागून, अनारसा." हा अनारसा त्याच्या बायकोचा, वसुधावहिनींचा. त्या थेंबही घेत नसत, पण ग्लास हुंगून अचूक वास ओळखत. त्या गेल्या, तरी अनारसा राहिला.

एकदा जवळच्या वेरिबीहून आलेल्या एका आयटीतल्या पोराने बर्फ मागितला. मुकुंदने फ्रीजमधून बर्फाची पिशवी काढून त्याच्या हातात ठेवली. "गुडघ्याला लाव. नो वरीज."

"अहो काका, व्हिस्कीत."

"व्हिस्कीला काय झालंय?"

समोरच्या घरातला ग्रेग एकदा हुंगून म्हणाला, "मेट, इट्स ख्रिसमस केक!" मुकुंद थक्क झाला. "बघ," तो मला म्हणाला, "मी इतकी वर्षं मसाल्याचा अख्खा डबा मोजतोय, आणि हा गोरा एका शब्दात मोकळा!" त्या दिवसापासून ग्रेग घरचा झाला.

मी कमी बोलणारा, म्हणून मुकुंदला सोयीचा. एका रविवारी दुपारी मी गेलो, तेव्हा त्याने नवी बाटली फोडली होती. डोळे मिटून मनुका, संत्र्याची साल असं चाललं होतं. मला मात्र जळकट वास येत होता. त्याला सांगणार, इतक्यात आतला स्मोक अलार्म बोंबलू लागला. आम्ही धावलो. गॅसवर आमटीचा कोळसा झाला होता, स्वयंपाकघर धुराने भरलं होतं.

खिडक्या उघडल्यावर मी विचारलं, "मुकुंदा, तुला वास आला नाही?"

तो पातेलं घासायला लागला. "मागच्या हिवाळ्यात ताप आला होता ना, तेव्हाच वास गेला. डॉक्टर म्हणतात, येईलही, नाहीही."

"मग आत्ता ती मनुका, दालचिनी?"

"पाठ आहे," तो म्हणाला.

मला हसू आलं. तो हसला नाही. पातेलं तसंच ठेवून हात पुसत म्हणाला, "व्हिस्कीचं जाऊ दे रे. तू इकडे ये."

त्याने मला आतल्या खोलीत नेलं आणि वहिनींचं कपाट जेमतेम डोकं जाईल इतकंच उघडलं. "मी हे फारसं उघडत नाही. आत काही उरलंय की नाही, मला कळतच नाही. ग्रेगला विचारू शकत नाही, मुलीला विचारलं तर रडत बसेल. तू बघ. आणि खोटं बोलू नकोस."

मी वाकलो. आधी लाकूड आणि डांबराच्या गोळ्या. बराच वेळ तेवढंच. त्याचा हात दारावर होता. मग एका निळ्या स्वेटरच्या घडीत नाक खुपसलं, आणि त्यांच्या दारात चप्पल काढताना इतकी वर्षं जे जाणवायचं, ते आलं.

"आहे," मी म्हणालो.

"नीट सांग."

"खोबरेल. चंदनाची पावडर. आणि थोडी... वेलची असावी."

"वेलचीच. पर्समध्ये ठेवायची." तो पलंगाच्या कडेला बसला, डोळे मिटले. "पुन्हा सांग. सावकाश."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागलो. एकेक शब्द तो माझ्यामागून हलक्या आवाजात म्हणत होता.