अंगणातली पांढरी गाडी

जहाजावर जायच्या आधी नेल्सननं आपली नवी कोरी पांढरी गाडी चुलतभावाच्या, म्हणजे डेल्फिनच्या अंगणात लावली. किल्ली हातात ठेवली आणि म्हणाला, "परत येईपर्यंत सांभाळ. रोज पूस." झालं! तिथूनच डेल्फिनच्या मागे साडेसाती लागली. बिचारा पंखे दुरुस्त करून पोट भरणारा माणूस. गाडी सोडा, सायकलसुद्धा हातात धरून चालायचा!

"अहो, गाडी नेल्सनची आहे!" त्यानं गल्लीभर सांगून पाहिलं.

"बघा, एवढा पैसा आला तरी मिरवत नाही," मासळीवाली मनांग नेनिता, म्हणजे गल्लीची नेनिताताई, म्हणाली, आणि त्याच रविवारी चर्चमध्ये तिनं त्याला नातवाचा नीनोंग, म्हणजे धर्मबाप करून टाकलं. नीनोंग झालं की दर नाताळला पोराच्या हातात पैशाचं पाकीट ठेवणं आलंच. मग शेजारणीचं बाळ, पाववाल्याची जुळी... नाही म्हणावं तर, "आता आम्ही कशाला आठवू तुम्हाला!" बरं, पंखा दुरुस्त करून पैसे मागावेत तर लोक हसायचे. "तुम्हाला काय कमी आहे?" म्हणायचे आणि पंखा उचलून चालू पडायचे. लोकांच्या लेखी तो जसजसा श्रीमंत होत गेला, तसतसा घरातला तांदळाचा डबा रिकामा होत गेला.

तेही सोसलं असतं हो. पण क्रिसांतोचं सोसवेना!

क्रिसांतो न्हावी, त्याचा लहानपणापासूनचा मित्र. रोज संध्याकाळी बाकावर बसून दोघं बाटल्यांच्या बुचांनी दामा, म्हणजे उड्या मारून सोंगट्या खायचा पटावरचा खेळ, खेळायचे, आणि रोज क्रिसांतोच जिंकायचा. वर टोमणे. "पारे, दोस्ता, तुझ्यापेक्षा माझा कोंबडा बरा खेळतो!" डेल्फिन जन्मात एकदा जिंकला नव्हता. गाडी आली आणि तो जिंकायला लागला. रोज! जिंकून जिंकून माणूस थकला.

"अरे, इथून उडी मार की! माझी दोन बुचं खातोस!" शेवटी डेल्फिनच म्हणाला.

"दिसलंच नाही बघा."

"बघा? मला 'बघा' म्हणतोस?"

"म्हणजे... तोंडातून गेलं हो."

"क्रिसांतो, गाडी नेल्सनची आहे रे!"

"माहीत आहे की. त्याचं सामान मीच नाही का उतरवलं?" क्रिसांतो ओशाळला. "पण तिच्याकडे पाठ करून बसलो तरी ती मानेवर बसल्यासारखी वाटते. काय करू?"

डेल्फिननं त्याचे हातच धरले. "माझ्याकडे गाडीवर माडाचे नारळ पडतात. तुझ्या अंगणात ठेव ना ती! मित्र म्हणून मागतोय."

गल्लीनं हौसेनं ढकलत गाडी क्रिसांतोकडे नेली. आणि काय सांगू! दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक डेल्फिनशी घासाघीस करायला लागलं. शेजारीण त्याच्या अंगावर ओरडली. डेल्फिन त्या रात्री मेल्यासारखा झोपला. आठवडाभर थकवा घालवला आणि मग जुना मित्र परत मिळाला म्हणून दामा खेळायला निघाला.

क्रिसांतोच्या फाटकात मनांग नेनिता खेकड्यांची टोपली घेऊन उभी होती. तिच्यामागे दोघी, कडेवर बाळं. क्रिसांतो इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. त्यानं बायांना हातानंच थांबवलं आणि पट मांडला.

खेळ रंगला. आणि डेल्फिनला दिसली! सरळ उडी, क्रिसांतोची तीन बुचं, डाव खलास. कोणी मुद्दाम सोडलेली नव्हे. स्वतःच्या अकलेनं सापडलेली! त्यानं हात उचलला. क्रिसांतोच्या खांद्यामागे गाडीचं पांढरं छत उन्हात चमकत होतं. गाडी कोणाची हे त्याच्याइतकं कोणाला माहीत होतं? आपला हात भलत्याच बुचाकडे चाललाय हेही त्याला दिसत होतं. त्यानं तेच बूच सरकवलं.

क्रिसांतोनं टपाटप त्याची बुचं खाल्ली. टोमणा मात्र मारला नाही. नुसता मान हलवून हसला, मोठी माणसं हसतात तसा.

"उद्या जरा लवकर ये. नंतर लोक येतात भेटायला."

"हो सर," डेल्फिन म्हणाला.

आणि घरी जाताना निम्म्या वाटेवर, पाववाल्याच्या दुकानापाशी, तो एकदम थांबला. 'सर'? क्रिसांतोला?