कोहळं पसंत हाय!

"आपल्या घरातलं कोहळं म्हणजे बँकेच्या लॉकरपेक्षा सुरक्षित!" प्रफुल्लनं सरपंचांना छाती ठोकून सांगितलं.

कारणही पक्कं होतं. बाकीचा महाराष्ट्र ज्याला लाल भोपळा म्हणतो, त्या अख्ख्या कोहळ्यावर एकोडीत बाई पहिला घाव घालत नाही. आधी पुरुषाचा हात लागतो, मग बाई खुशाल फोडी करते. घरात पुरुष दोनच. वडील भैय्यालाल धान कापायला शेतातल्या बांधीत गेलेले आणि प्रफुल्ल स्वतः फ्लेक्स आणायला साकोलीला निघालेला. उरल्या आई कुंताबाई आणि बहीण गुड्डी. म्हणजे कोहळं अमर!

आणि ते अमर राहायलाच हवं होतं. इतिहासात एम.ए. झालेल्या प्रफुल्लनं ग्रामपंचायतीत 'आपल्या भागाचं जुनं खाणं आणि परसबाग' असं प्रदर्शन मांडलं होतं. पणजीपासून चालत आलेल्या वाणाचं यंदा एवढं एकच फळ वानरांच्या तावडीतून सुटलेलं. बसलेल्या म्हशीच्या वगारीएवढं! ते आधी लोकांना दाखवायचं, मग त्याचं बी लावायचं. बी गेलं की वंश बुडाला.

फ्लेक्स घेऊन तो परतला, तर गल्लीतच फोडणीचा वास.

"आई, कोहळं कुठं हाय?"

"कढईत."

"सगळं?"

"अर्धं. अर्धं शेजारी वाटलं. एवढं कोण खाते बाप्पा!"

प्रफुल्लचा जबडा जो खाली आला, तो वर जायचं नावच घेईना.

"प... पण कापलं कोणं?"

कुंताबाईनं ओसरीकडे बोट केलं. तिथे एक अनोळखी तरुण मांडी घालून जेवत होता, शेजारी त्याची आई. दिघोरीचा धर्मेंद्र आणि गोदावरीबाई. गुड्डीला पाहायला, न कळवता आलेले! घरात भाजी नव्हती आणि पुरुषही नव्हता. धर्मेंद्र आला आणि दोन्ही अडचणी एकदम सुटल्या.

"पाहुण्याच्या हातात विळा देल्ला तू?"

"मंग! बापू, जरा हात लावा म्हणलं. लावला."

"अवं माय, ते लोकायले दाखवाचं होतं!"

"दाखवलं ना! हे काय लोकं नाहीत?"

प्रफुल्लच्या हातातून फ्लेक्स गळाला आणि ओसरीभर उलगडला. धर्मेंद्रनं घास थांबवून मोठ्यानं वाचलं, "'पूर्वी या भागात स्त्रिया अखंड कोहळे कापत नसत. ही प्रथा आता नामशेष झाली आहे.'"

काही नामशेष झाल्याशिवाय इतिहासाला वजन येत नाही, म्हणून प्रफुल्लनं ते वाक्य टाकलं होतं.

"नामशेष झाली," धर्मेंद्र दुखावल्या आवाजात म्हणाला, "त मले काहून विळा देल्ला जी?"

"बिया!" प्रफुल्ल एकदम किंचाळला. "बिया कुठं हायेत?"

गोदावरीबाईनं पदराची गाठ थोपटली. गाठ तान्ह्या लेकराएवढी होती. "असं वाण आमच्याकडं नाही. बाईनं मोठ्या मनानं देल्लं."

"मावशी, चार तरी..."

कुंताबाईनं त्याला चिमटा काढला. "देल्लेलं मागतेत का रे? नातं जुळलं त बी घरातच राह्यते!"

इतिहासाच्या त्या विद्यार्थ्याला पहिल्यांदाच भविष्य दिसलं. तो गुड्डीच्या कानाशी सरकला.

"गुड्डे, हो म्हण. पोरगा चांगला हाय. जेवते कसा, पाह्य!"

"मले नाही पसंत."

"काहून?"

"घाव घालताना डोये मिटले त्यानं! कोहळ्याले भेणारा नवरा घेऊन काय करू?"

"अवं, वंशाचा प्रश्न हाय!"

"कोणाच्या?"

"कोहळ्याच्या!"

हे सगळं जरा जोरातच निघालं आणि ओसरीभर ऐकू गेलं. धर्मेंद्रनं ताटातली शेवटची फोड तेवढी डोळे उघडे ठेवून खाल्ली.

गोदावरीबाई हात धुऊन उठली. पदराची गाठ तिनं आणखी आवळली.

"पोरगी नाही म्हणते, त नाही. आमचा राग नाही." चपला घालता घालता ती वळली. "कोहळं मात्र पसंत हाय!"

आणि मोटरसायकल दिघोरीच्या रस्त्याला लागली.

प्रदर्शनाला गर्दी चांगली झाली. मधल्या टेबलावर लाल कापड होतं, कापडावर काहीच नव्हतं, आणि पुढे प्रफुल्लच्या सुवाच्य अक्षरात पाटी होती: 'पारंपरिक कोहळे. मूळ गाव एकोडी. सध्या मुक्काम दिघोरी, गोदावरीबाईंच्या पदरात.'