डोहाळ्याच्या वाडग्याची बखर

चुलीतील अग्नीस नमन, पाट्या-वरवंट्यास नमन, आणि जी जीभ खऱ्यास खरे म्हणते तिजला त्रिवार नमन. शके सतराशे सहा, क्रोधीनाम संवत्सरे, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशी राजवाड्याचे मुदपाकखान्यात जे घडले ते येथे यथास्थित लिहिले असे. राज्य कोणते हे पुसो नये. लिहिणार कोण हेही पुसो नये. तो ते समयी नारळ खोवीत बसला होता आणि त्याने दोन्ही डोळ्यांनी पाहिले, इतके पुरे. दुसरे दप्तरी निराळे काही लिहिले असेल तर ते बेलाशक खोटे जाणावे.

तर त्या राज्यी मुदपाकखान्यात सतरा चुली आणि सतरा चुलींवर एक दारोगे, नाव त्र्यंबकपंत. संवत्सर क्रोधी आणि पंत त्याहून क्रोधी. त्यांचे आज्यापासूनची चाल ऐसी की, जे शिजेल त्याचा नैवेद्य आधी देवीस जावा आणि तोवर कोणी आचाऱ्याने ते जिभेस लावू नये. आणि मीठ घालणे ते दारोग्यांनीच घालावे, भांड्यास तीन मुठी, भांडे लहान असो की थोर. मग कधी आमटी खारट समुद्र व्हावी आणि कधी भात-वरण अळणी राहावे, आणि श्रीमंत रोज पानावर बसून मुकाट जेवीत आणि मुकाट उठत. सत्तर वर्षे ऐसेच चालले. यास शिस्त म्हणत. लिहिणार तिला दुसरे नाव देतो, परंतु ते बखरीत लिहिण्याजोगे नाही.

ते समयी राज्याचे आरमारात जावा बेटाचा एक सुतार होता, नाव विर्यो, आणि त्याची बायको द्रिता, ती दूर पश्चिमेस अल्बानिया म्हणोन डोंगरी मुलूख आहे तेथील, आणि ती गलबतांची शिडे शिवीत असे. पाच वर्षे राहून दोघांस आपली भाषा चांगली येऊ लागली होती. द्रितास सातवा महिना लागला आणि अन्न पोटी ठरेना. आठ दिवस पेज घ्यावी आणि उलटून पडावी, डोळे खोल गेले, हातची सुई गळू लागली. वैद्य म्हणाले, आणखी चार दिवस ऐसे गेले तर दोन्ही जीव हाती लागणार नाहीत. हे राणीसाहेबांचे कानी गेले आणि त्यांनी फर्माविले की, गर्भारशीचे डोहाळे आपले राज्यी अडत नाहीत, काय हवे ते पुसा. मग मुदपाकखान्यातील वडील आचारीण गोदूबाई स्वतः जाऊन पुसती जाहली.

द्रिता म्हणाली, "मावशी, माझी आई कणकेच्या पट्ट्या कापून दह्याच्या कढात शिजवायची. वरून खारवलेलं चीज, पुदिना, तांबडी मिरची तुपात. ते हवं. आणि ह्यांच्या बेटावरचा तो नारळाच्या दुधाचा रस्सा, गवती चहाचा, हळदीचा. तोही हवा."

"दोन वाडगे करते, पोरी."

"नाही. पोटात मूल एकच आहे ना? मग वाडगा एकच."

गोदूबाईस हे एकदम पटले. पंतांस पटले नाही. ते मुदपाकखान्याचे मध्यभागी उभे राहोन गर्जले, "दही आणि नारळाचं दूध एका भांड्यात? फाटेल ते! दोन मुलखांच्या दोन चुली, दोन वाडगे. माझा हुकूम आहे."

"पंत, जेवायचंय तिला. हुकूम तुम्ही जेवा," गोदूबाई बोलली.

सतरा चुलींवरचे हात थांबले. मग पंतांनी पैज बांधिली की, भांडे फाटले अथवा मुदपाकखान्याची चाल मोडली, तर गोदूबाईने पळी ठेवावी आणि दरवाज्याबाहेर जावे. ती पळी तिचे सासूची, तीस वर्षे तिचे हाती, दांडा झिजोन तिचे बोटांस बसलेला. तिला ना मूल ना घर, मुदपाकखाना हेच काय ते. तरी ती म्हणाली, "कबूल."

मग द्रितास पाटावर बसविले आणि तिने कणीक लाटून सुरीने बोटभर रुंद पट्ट्या कापून दाविल्या, आणि विर्यो आपले खोपटामागील गवती चहा, ओली हळद, लिंबाची पाने आणि द्रिताने घरी खारवून ठेविलेले चीज घेऊन आला, आणि लिहिणाराने नारळाचे दूध काढिले. गोदूबाईने घाईने उकळत्या दुधात दही ओतिले आणि भांडे फाटले. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. पंत इतके हसले की पगडी सरकली. तेव्हां गोदूबाईने स्वतःचे कपाळावर हात मारिला आणि म्हणाली, "अहो, मी पण काय बाई! ही तर कढी आहे! आणि कढीसारखी कोणी केलीच नाही."

पंत म्हणाले, एक फाटले, पुरे. ती म्हणाली, घाईचे भांडे पैजेत धरू नये, चूल माझी आहे. आणि उत्तराची वाट न पाहता तिने दह्यात डाळीचे पीठ घुसळिले, जाळ ओढून मंद केला, आणि एकाच अंगाने हलवीत बसली, हात क्षणभर थांबू दिला नाही. मग पट्ट्या सोडिल्या, मग पातळ दूध, मग दाट, मग चीज कुसकरून. भांडे फाटले नाही. पिवळेधमक, तुकतुकीत, एकजीव जाहले, आणि ऐसा वास सुटला की पंतांनीही नाक वर केले, परंतु लगेच खाली घेतले.

मग पंत मिठाची मूठ भरून पुढे आले. गोदूबाईने भांड्यावर आडवा हात धरिला. "चिजात मीठ आहे, पंत. किती ते मला ठाऊक नाही. चाखल्याशिवाय इथे मीठ पडायचं नाही."

"चाखलंत तर भांडं उष्टं. देवीला चालणार नाही. चाल मोडली, पैज हरलात, पळी खाली!"

"आठ दिवसांची उपाशी पोर आहे ही. तिला खारट समुद्र वाढू?"

ऐसे बोलून गोदूबाईने पळी बुडविली, फुंकर घातली आणि सर्वांदेखत चाखिली. सत्तर वर्षांत प्रथम. डोळे मिटोन क्षणभर उभी राहिली आणि म्हणाली, "मीठ नको. लिंबाची अजून दोन पानं हवीत."

दोन पाने पडली. वाडगा द्रिताचे हाती गेला. तिने एक घोट घेतला, मग दुसरा, मग पट्ट्या बोटांनी उचलून खाल्ल्या, आणि दुसरा वाडगा मागितला, आणि अन्न पोटी ठरले. विर्यो चुलीपाशी बसून लहान मुलासारखा रडला. गोदूबाईने पळी धुतली, पदराने पुसली आणि पंतांचे हाती दिली. "हरले मी. घ्या."

आणि ती दरवाज्याकडे चालली, तेव्हां पहिले चुलीवरील म्हातारे बाळंभट उठले आणि त्यांनी आपले आमटीत बोट बुडवून चाटले. मग दुसरे चुलीवरील सगुणाबाईने खिरीत. मग तिसरे, मग चवथे. लिहिणाराचे हाती खोबरे होते, त्याने तेच चाखिले. सतरा चुली उष्ट्या जाहल्या. कोणी म्हणाले मीठ जास्त, कोणी म्हणाले कमी, आणि ज्याने त्याने आपले भांडे दुरुस्त केले. पंत मध्ये उभे, एके हाती पळी, एके हाती मीठ, आणि शिव्या देण्यास एक तोंड पुरेना. देवीस त्या दिवशी गूळ-खोबरे गेले आणि देवीने काही तक्रार केली नाही.

बाहेर श्रीमंत पानावर बसले होते. दुसरे अन्न नव्हते, ते उष्टेच वाढावे लागले. श्रीमंतांनी पहिला घास घेतला आणि थांबले. मग दुसरा घेतला. मग मान वर करून पुसते जाहले, "आज मीठ कोणी घातलं?"

वाढणारांमागे उभ्या असलेल्या पंतांनीच शेवटी खाली पाहोन गोदूबाईची पळी पुढे केली, आणि ती गोदूबाईस दरवाज्यातून परत आणोन देण्यात आली.

तात्पर्य इतकेच: द्रितास कन्या जाहली, वाडगा दरसाल माघात शिजतो, आणि गोदूबाई चाखून वाढते. ज्यास ते उष्टे वाटेल त्याने खुशाल उपाशी राहावे.