आत्याबाईंनी वाचलेला मूकपट

प्रोजेक्टर चालवण्यात माझा हात धरणारा गावात कोणी नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही! त्याच जोरावर मी धाकट्या बहिणीचं लग्न जुळवायला निघालो. मुलाला ती पसंत, तिला तो. घोडं अडलं होतं मुलाच्या आत्याबाईंपाशी. त्या घरात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही, आणि त्यांना ऐकू मात्र अजिबात येत नाही.

"मग मूकपट दाखवू!" मी बायकोला म्हणालो. "लग्नाचीच गोष्ट आहे. रुसवेफुगवे, ताटातूट, शेवट गोड. आत्याबाई विरघळल्याच म्हणून समज!"

रविवारी सकाळी आमच्या फिल्म क्लबच्या हॉलमध्ये दोन्ही घरं येऊन बसली. पडद्यावर नायक गुडघा टेकून काहीतरी बोलला. पाटी आली, 'तुझ्याविना जगणे अशक्य!' बहिणीने डोळे पुसले. आत्याबाई खो खो हसल्या!

पुढे लग्न झालं, भांडण झालं, नायिका रडत घर सोडून निघाली. आत्याबाईंची हसून हसून मुरकुंडी वळली. रिळं उलटसुलट लागली की काय? दिवे लावले, घाईघाईत दुसरं रीळ चढवलं. आता घर सोडून गेलेली नायिका पुन्हा नवरी होऊन उभी!

"ही दुसरी बायको का?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

"पहिलीच आहे हो!"

"मग मघाशी गेली ती कोण?"

मी पुन्हा दिवे लावले. तेवढ्यात आत्याबाई उभ्या राहिल्या.

"रिळं कशाला बदलताय? मी ओठ वाचते. तो मेला म्हणत होता, 'गुडघा दुखतोय, आटप!' आणि ती रडत रडत म्हणाली, 'चहा गार झाला असेल!'"

हॉल हसून लोळायचा बाकी राहिला. मी मात्र घामाघूम. आता बहिणीच्या लग्नाचं काय?

"मघाशी दिवे लागले तेव्हा," आत्याबाई पुढे म्हणाल्या, "माझा भाचा हिला म्हणाला, 'आत्या नाही म्हणाली तरी लग्न तुझ्याशीच.' इतकी वर्षं वाट बघत होते, आमच्या घरात कोणी मला विरोध करतंय का! माझा होकार आहे."

बहीण रडायलाच लागली. मी धावत जाऊन आत्याबाईंना वाकून नमस्कार केला.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "दिवे लागले तेव्हा तुम्ही बायकोला काय म्हणालात, तेही वाचलंय. 'ठार बहिरी आहे, हिला काय कळतंय!'"

लग्न थाटात झालं. त्याच्या एकूण एक फोटोत माझ्या तोंडावर रुमाल आहे.