सासऱ्यांची लोखंडी पट्टी

सासरे डोळ्याच्या ऑपरेशनला थोरल्या मुलीकडे गेले, सासूबाईही सोबत गेल्या, आणि धाकट्या जावयाला सासऱ्यांच्या गॅरेजमध्ये आठ दिवस मोकळं रान मिळालं.

गॅरेजमध्ये सासऱ्यांची जुनी मोटरसायकल होती. सासूबाईंच्याही आधी घरात आलेली. जावयाचा तिच्यावर पहिल्या दिवसापासून डोळा. लग्न ठरवायला आला तेव्हा मुलीच्या आधी त्याने गाडी बघितली, हे बायको अजून चारचौघांत ऐकवते. पण सासरे गाडी देईनात. बरं, स्वतःही चालवेनात. दोन वर्षं झाली, रोज पुसायची, टाकीवर हात फिरवायचा आणि झाकून ठेवायची. किक मारायची नाही. का, ते विचारायचं नाही. एकदाच म्हणाले होते, "ज्याला माझ्या हत्यारांची कदर, त्याला गाडी."

झालं. जावयाने हत्यारांची पेटी उघडली. सासरे यायच्या आत सगळी हत्यारं नव्यासारखी करून ठेवायची, म्हणजे म्हातारा खूश आणि गाडी आपली.

पाने, पक्कड, स्क्रू ड्रायव्हर सगळं व्हिनेगरमध्ये बुडवलं, वायर ब्रशने घासलं, तेल लावलं. चार दिवसांत पेटी लखलखली. पण तळाशी एक पट्टी निघाली. दीड हात लांब, एक टोक वाकडं, आणि एका कडेला करवतीसारख्या खाचाच खाचा. हे काय असावं, जावयाला कळेना. त्याने तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला.

ग्रुप जुन्या गाड्यांच्या वेड्यांचा. जावई सोडून तेवीस जण. या लोकांचा एकच रोग. कुठलंही जुनं लोखंड दिसलं की ते मोटरसायकलचंच. एकाने आत्याच्या शिलाई मशीनचा पाय तीन महिने घासला होता, लष्करी गाडीचा स्टँड म्हणून. आत्या अजून बोलत नाही.

फोटोवर पंधरा मिनिटांत नऊ मतं पडली आणि दोघांनी एकमेकांची अक्कल काढली. शेवटी गंजोबा स्वतः गॅरेजमध्ये आला. गंजोबा म्हणजे ग्रुपचा शेवटचा शब्द. गंज जिभेला लावून लोखंड किती जुनं ते सांगतो. त्याने पट्टी उलटीसुलटी केली, चाटली, डोळे मिटले.

"टायर काढायची पट्टी. अस्सल."

"आणि या खाचा?"

"कुणीतरी गाढवाने हिचा खून केलाय. अरे, असल्या कडेने टायर काढशील तर ट्यूबच्या चिंध्या होतील. कड गुळगुळीत पाहिजे. ग्राइंडरला लाव."

जावयाने लावली. तासभर ठिणग्या उडाल्या. मग कानस, मग पॉलिश पेपर. पट्टी इतकी गुळगुळीत झाली की तिच्यात बघून दाढी करावी. फोटो ग्रुपवर टाकला. बावीस अंगठे आले.

तेविसावा माणूस म्हणजे मेकॅनिक. तो अंगठे देत नाही. सासरे यायच्या दिवशी सकाळी तो थेट गॅरेजच्या दारात उभा. हातात फोन, फोनमध्ये आधीचा फोटो.

"या खाचा कुठे गेल्या?"

"काढल्या," जावई ऐटीत म्हणाला.

मेकॅनिक मटकन खाली स्टुलावर बसला.

"अरे काढल्या काय? नीट बघ ना! प्रत्येक खाच हाताने पाडलीय, कानशीने. सगळ्या सारख्या अंतरावर. नुकसान असं रांगेत होतं का रे कधी? ते माप आहे!"

"कसलं माप?"

"तेलाचं असेल, टायमिंगचं असेल, मला काय माहीत? तुझ्या सासऱ्याला माहीत. जुनी माणसं असंच करायची, कागदावर लिहायची नाहीत, लोखंडावर कोरायची. त्या मापावर ती गाडी लागत असणार. आणि तू ते घासून टाकलंस!"

 जावयाने गंजोबाला फोन लावला. गंजोबा ऐकून घेऊन म्हणाला, "मी फक्त टायरबद्दल बोललो होतो," आणि फोन कट.

"फोटोवरून परत पाडू," जावई म्हणाला. "किती होत्या?"

दोघांनी फोटो मोठा केला. फोटोत पट्टी होती आणि पट्टीवर जावयाचा हात होता. अख्खा पंजा. पंजाच्या पलीकडे दिसत होत्या त्या फक्त पाच खाचा.

"बाकीच्या कुठायत?"

"हाताखाली."

"पट्टीचा फोटो काढलास की हाताचा?"

जावयाच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. मेकॅनिकला दया आली. नाहीपेक्षा पाच बऱ्या, म्हणून दोघांनी फोटो समोर ठेवून पाच खाचा पाडल्या. पाचवी जरा तिरकी गेली. तेवढ्यात बाहेर रिक्षा थांबली.

सासरे काळा चष्मा लावून आले. मागून सासूबाई, आणि त्यांना आणायला गेलेली जावयाची बायको. सासूबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या. सासरे सरळ गॅरेजमध्ये.

"वा! जावईबापू, काय चमकवलंत! की माझा डोळाच नवा झालाय?"

एकेक पाना उचलून ते खूश होत होते. मग पट्टी उचलली. कडेवरून अंगठा फिरवला. थांबले. चष्मा काढला. परत अंगठा फिरवला.

"पाच?"

 मेकॅनिक उगाच भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागला.

"बाबा, माझं चुकलं. मला वाटलं..."

"पाचच?"

"बाकीच्या गेल्या, बाबा."

सासऱ्यांनी दाराबाहेर बघितलं. कोणी नाही. मग त्यांनी जे केलं ते बघून मेकॅनिकही कॅलेंडर विसरला. त्यांनी जावयाला कडकडून मिठी मारली.

"पोरा, तू देव आहेस! सरक, बाजूला हो!"

आणि गाडीवरचं कापड उडवलं, चप्पल घट्ट केली, किक मारली. एक, दोन, तीन. सातव्या किकला गाडी खोकली, धुराचा लोट सोडला आणि गरजायला लागली. माप नाही, टायमिंग नाही, काही नाही. जावई आणि मेकॅनिक भुतं बघितल्यासारखे बघत राहिले आणि म्हातारा फाटकातून सुसाट बाहेर.

आवाज ऐकून सासूबाई हातातला चमचा घेऊन धावत आल्या.

"कोणी चालू केली?"

कोणी बोलायच्या आत कोपऱ्यावरून आवाज आला. फट. फट. फुस्स. मग काहीच नाही.

पाच मिनिटांनी सासरे गाडी ढकलत फाटकातून आत आले. घामाघूम, पण हसत.

"पन्नास," सासूबाई म्हणाल्या.

"पन्नास कसले? सहा!" सासऱ्यांनी गॅरेजमधून पट्टी आणून नाचवली. "मोजून घे. पाच खाचा आहेत, ही सहावी!"

"आई, हे काय चाललंय?" बायकोने विचारलं.

"तुझ्या बाबांना विचार. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी शब्द दिला होता. ही गाडी रस्त्यात बंद पडेल तेव्हा तेव्हा एक खाच. पन्नास झाल्या की गाडी घराबाहेर. एकोणपन्नासावी दोन वर्षांपूर्वी पाडली. त्यानंतर हात लावला का किकला?"

मेकॅनिकने जावयाकडे बघितलं. जावयाने मेकॅनिककडे. माप होतं खरं.

"पण आता पाचच आहेत," सासरे लहान मुलासारखे म्हणाले. "पट्टी खोटं बोलत नाही."

"पट्टी तुमच्या गॅरेजमध्ये असते. मी काय तेवढ्यावर विसंबून राहीन? चाळीस वर्षं संसार केलाय तुमच्याशी."

सासूबाई सगळ्यांना स्वयंपाकघरात घेऊन गेल्या आणि कपाटाचं दार उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला बॉलपेनने ओढलेल्या रेघा. एकोणपन्नास. प्रत्येकीपुढे तारीख आणि जागा. भावाच्या लग्नाला जाताना, पुलावर. पावसात, पेट्रोल पंपाच्या अलीकडे. बायको एका रेघेपाशी थांबली.

"बाळंतपणाला हॉस्पिटलात जाताना, सिग्नलवर? आई, हे ताईच्या वेळी?"

"तुझ्या वेळी. भाजीच्या टेम्पोत बसून गेले."

बायकोने बापाकडे जे बघितलं, त्याने बापाचा नवा डोळासुद्धा खाली गेला.

सासूबाईंनी पन्नासावी रेघ ओढली. पुढे लिहिलं, 'कोपऱ्यावर.' पेनचं टोपण लावलं. "शब्द म्हणजे शब्द. गाडी आजच्या आज घराबाहेर."

सासरे खुर्चीत बसले.  गॅसवरचा चहा उतू गेला तरी कोणी उठेना. मग हळूच सासऱ्यांनी मान वर केली.

"घराबाहेर म्हणालो होतो ना मी? भंगारात, असं नव्हतो म्हणालो."

सासूबाईंनी विचार केला. "नव्हतात म्हणालात."

सासऱ्यांनी खिशातून किल्ली काढली. एकदा मुठीत घट्ट धरली आणि मग पुढे केली. "जावईबापू, घ्या. हत्यारांची कदर तुम्हीच केलीत. जरा जास्तच केलीत."

जावई थक्क. सकाळपासून मार खायच्या तयारीत असलेल्या माणसाच्या हातात गाडी! त्याने किल्ली कपाळाला लावली, मेकॅनिकला टाळी दिली, बायकोकडे वळला.

"ऐकलंस? आपल्या घरी गाडी येतेय!"

बायकोचं लक्षच नव्हतं. तिने टेबलावरची पट्टी उचलली होती आणि लख्ख कडेवरून अंगठा फिरवत होती. पाच खाचांपर्यंत आली. पाचव्या, तिरक्या खाचेवर थांबली.

"जागा भरपूर आहे," ती म्हणाली. "आई, बाबांची कानस कुठे असते गं?"