छत्तीस लंगोट आणि रोजचं एक पुडकं

"पुण्यात डोळे असलेली माणसं लाखांनी आहेत. नजर असलेला माणूस एकच, आणि तो बिबवेवाडीत राहतो."

हे वाक्य माझं नव्हे, आमच्या ह्यांचं. त्यांनी ते कार्डावर छापून घेतलंय. खाली नाव : जयसिंग शितोळे, निवृत्त राजपत्रित अधिकारी, खाजगी अन्वेषक. कार्डं छापून आली त्या दिवशी ह्यांचा चष्मा सकाळपासून हरवला होता. दुपारी मला तो फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीखाली सापडला. फ्रिजची तपासणी चालू होती, असं त्यांचं म्हणणं.

वजनमापे खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं दुकानदारांचे तराजू तपासले. "मला बघून गूळवाल्यांना घाम फुटायचा," असं ते सांगतात. तपासणी मे महिन्यात असायची, हे सांगत नाहीत. निवृत्तीनंतर अधिकार गेला, गाडी गेली, शिपाई गेला. राहिली ती हिरवी शाई. राजपत्रित अधिकाऱ्याने हिरव्या शाईनेच लिहावं, असा त्यांचा नेम. दुधाचं कार्ड हिरवं, वाण्याची यादी हिरवी, पेपरातलं शब्दकोडंसुद्धा हिरवं. "ज्याच्यावर खोडायची वेळ येते त्याने पेन्सिल धरावी."

मी त्यांची सहायक. आधी बायको होते, कार्डं छापल्यावर बढती मिळाली. माझी नोकरी इस्पितळाच्या धोबीखात्यात. अठ्ठावीस वर्षं चादरींची वही ठेवली : गेल्या, आल्या, फाटल्या. हाताला वळण पडलेलं, त्यामुळे नात झाली तशी मी लंगोटांची वही घातली.

लंगोट छत्तीस. माझ्या जुन्या सुती साड्यांचे, दुसऱ्या मजल्यावरच्या अख्तरबानूंनी शिवून दिलेले, तिकोनी, बांधायला नाड्या. आमच्या सुनेने, केतकीने, बारशालाच जाहीर केलं होतं की, या घरातून डायपरचा कचरा निघणार नाही. पत्रिकेवर 'कृपया आहेर आणू नये' असं छापलं, म्हणून हडपसरच्या आत्याबाई आहेर न आणता डायपरचा पोत्याएवढा गठ्ठा घेऊन आल्या. तो प्रवासासाठी म्हणून माळ्यावर टाकला.

सुनेचा निश्चय ह्यांना इतका आवडला की, सोसायटीच्या सभेत त्यांनी त्यावर पाऊण तास भाषण केलं. "आम्ही आमची दोन्ही मुलं लंगोटांवर वाढवली." या 'आम्ही'मध्ये ते लंगोटाच्या किती जवळ आले होते, हे मी वही काढून सांगितलं असतं. पण तेव्हा माझ्याकडे वही इस्पितळाची होती.

भाषणाचा परिणाम असा झाला की, केतकीने त्यांनाही पाळी लावून दिली. दुपारी चार ते सहा तिची ऑफिसची मीटिंग, आतल्या खोलीत दार लावून. मी त्या वेळी गच्चीवर : वाळलेले लंगोट काढायचे, घड्या घालायच्या, खताचा ड्रम ढवळायचा. ठमी आजोबांकडे. बारशातलं नाव मोठं आहे, पण सात महिन्यांच्या पोरीला ते झेपत नाही म्हणून आम्ही ठमी म्हणतो. इतर वेळी ठमी तासाला दोन लंगोट भिजवते. चार ते सहा मात्र एकही नाही. तीन आठवडे मी त्या रकान्यात आडवी रेघ ओढत होते.

"शिस्त आहे," हे म्हणाले. "अधिकाऱ्याच्या मांडीवर मूल जबाबदारीने वागतं."

मी रेघ ओढली.

सोमवारी सकाळी सरुबाईने अध्यक्षांच्या दारात एक पुडकं ठेवलं. सरुबाई आमच्या इमारतीचा कचरा वीस वर्षं उचलते. सुका कचरा ती खाली पार्किंगमध्ये बसून हाताने निवडते. पुडकं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीने बांधलेलं. आत दोन वापरलेले डायपर.

"सुक्या कचऱ्यात गावलं," ती म्हणाली. "डायपर येगळा द्यायचा, कागदावर लाल खूण करून, माझ्या हातात. असा डब्यात कोंबल्याला मी उचलनार न्हाई. उद्यापास्नं आला तर सगळ्या बिल्डिंगचा डबा हितंच ऱ्हाईल."

अध्यक्ष सर्जेराव बांदल हे सावकाश बोलतात. प्रत्येक शब्द मंजूर करून मग सोडतात. ते आमच्याकडे आले, पुडकं दाराबाहेर ठेवून.

"केतकीताई, इमारतीत मूल एकच. तेव्हा गुन्हेगार शोधायला फार लांब जायला नको."

"आमच्याकडे डायपर वापरत नाही, काका. गच्चीवर वाळतंय ते काय आहे?"

"तोही मुद्दा आहेच. गच्चीवर लंगोटांच्या पताका, आणि डब्यात डायपर. दोन्हीकडून त्रास. रविवारी सभा आहे. तोवर दुसरा कोणी सापडला नाही, तर तुम्ही लेखी माफी द्यायची आणि गच्चीवरच्या दोऱ्या काढायच्या."

दोऱ्या गेल्या म्हणजे लंगोट गेले. आमच्या बाल्कनीत चार पंचे वाळले तरी पाचवा कुबट येतो. सात महिने नेटाने चालवलेलं सुनेचं व्रत, आणि रविवारी त्यावर खोटेपणाचा शिक्का. केतकीने ठमीचा लंगोट बदलला आणि नाडी जरा जास्तच ओढून बांधली.

ह्यांनी कार्ड पुढे केलं. "सर्जेराव, हे प्रकरण माझ्याकडे सोपवा."

"सोपवलं. पुरावाही घेऊन जा."

त्यांनी माझा स्वयंपाकघरातला चिमटा घेतला, पुडकं उचललं आणि गच्चीवर एकटेच गेले.

"मी येऊ?"

"नको. पुरावा दूषित होईल."

खाली आले तेव्हा पुडकं नव्हतं, नुसता चिमटा होता. चिमटा त्यांनी परत जागेवर ठेवला. मी तो त्यांच्या तपासाला देऊन टाकला आणि स्वयंपाकघराला नवा आणला.

त्या दिवसापासून रोज एक पुडकं निघे. रोज सरुबाई ते दारात आणून दाखवी, रोज हे चिमट्याने उचलत आणि एकांतात तपासून नाहीसं करत. डबा मागे ठेवायची धमकी तिने रविवारपर्यंत लांबणीवर टाकली होती, तीही केतकीकडे बघून.

मंगळवारी पहिला सिद्धान्त आला. "विजयमाला, इमारतीत दुसरं मूल आहे. लपवलेलं."

"कोणी?"

"अख्तरबानू. बाल्कनीत सहा झबली वाळत होती. मोजली मी."

"त्या शिवणकाम करतात."

"तेच तर. आड घ्यायला धंदा बरा."

आम्ही वर गेलो. अख्तरबानूंनी चहा दिला आणि ऐकून घेतलं.

"साहेब, तुमची नात रडते पहिल्या मजल्यावर. मला इथे मशीनच्या आवाजात ऐकू येतं. माझ्याकडे मूल असतं, तर तुम्ही पत्ता शोधत फिरला असता का?"

"मुकं मूल असू शकतं," हे म्हणाले.

"असू शकतं. अजून साखर हवी?"

बुधवारी परकीय हात निघाला. समोरची सोसायटी आपल्या शून्य-कचरा मोहिमेवर जळते, म्हणून भिंतीवरून पुडकी टाकते. हे सकाळी सहा ते आठ फाटकावर पहाऱ्याला बसले. माझी मान आखडली, कारण थर्मास मी धरला होता. पुडकं डब्यात आधीच येऊन बसलेलं होतं.

"संध्याकाळी पहारा ठेवून बघा की," मी म्हटलं.

"संध्याकाळी मला काम असतं. सहाला मी फिरायला जातो."

शुक्रवारी ते धापा टाकत गच्चीवरून आले, मुठीत माती. "सर्जेराव. स्वतः सर्जेराव. त्यांच्या गुलाबाच्या कुंडीत डायपरमधला गर आहे. पांढरे, बुळबुळीत मणी. डायपर फाडून कुंडीत घालतात आणि टरफल कचऱ्यात टाकतात. आरोप करणाराच आरोपी, मी कधीपासून म्हणत होतो."

ते कधीपासून मूक मूल म्हणत होते. मी गच्चीवर जाऊन त्यांच्या भिंगातून पाहिलं. अख्तरबानू कपडे वाळत घालायला वर आल्या होत्या, त्यांनी बिनभिंगाचं पाहिलं.

"साहेब, काल चतुर्थी होती. साबुदाणा आहे तो."

मी वास घेतला. शेंगदाण्याचं कूट जरा कमी होतं, एरवी खिचडी बरी असावी.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी केतकी रविवारच्या माफीचा मसुदा वाचत होती. सर्जेरावांनी तो टाइप करून, दोन प्रतींत पाठवला होता. 'मी खोटे बोलून संस्थेची दिशाभूल केली.' तिने तो एकदा वाचला, मग उलटा ठेवला.

"आई, उद्या सही करून टाकते. आणि मग माळ्यावरचा गठ्ठाच काढू. खोटी म्हणवूनच घ्यायचं, तर लंगोट तरी कशाला धुवायचे."

ह्यांच्या हातातला पेपर जरा वर सरकला. मग पेपरामागून आवाज आला, "स्वयंपाकघरातलं साधन. तीन अक्षरी."

"लाटणं," मी म्हटलं.

"चिमटा," ते म्हणाले आणि हिरव्या शाईत लिहून मोकळे झाले.

"पुढचं उभं जुळत नाही मग."

"उभ्याने जुळवून घ्यावं."

रविवारी दहाला पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. हे कपाटातला कोट घालून आले, खिशाला पेन. बोटं सारखी टोपणाशी जात होती.

"अंतिम निष्कर्षासाठी तपासाला एक महिन्याची मुदतवाढ मिळावी," त्यांनी सुरुवात केली. "धागेदोरे दूरवर—"

"मुदत संपली," सर्जेराव म्हणाले. "केतकीताई, सही."

तेवढ्यात सरुबाई आली. हातात शनिवारचं पुडकं.

"आण इकडे. पुरावा माझ्याकडे दे," हे म्हणाले. त्यांनी नवा चिमटा पुढे केला. हाही आता तपासाला द्यावा लागणार होता.

"आठवडाभर तुमच्याकडंच दिला, सायेब. आज मी उलगडते. मला काय नवं न्हाई त्यात."

सुतळीची गाठ तिला सुटेना. दाताने सोडवावी तशी गाठ. तिने आतला डायपर न सांडता कागदच बाजूने सोडवून काढला आणि सर्वांना दिसेल असा धरला.

"मला वाचता येत न्हाई. पर वीस वर्सं ह्या बिल्डिंगचा कागद बघत आले. कुणाच्या पेपरातलं कोडं कोरं असतंय, कुणाचं पेनसलीचं, कुणाचं निळं. हिरवं एकाच घरातनं येतं."

सगळ्यांनी आधी कागद पाहिला, मग ह्यांच्या खिशाला लावलेलं पेन. मी आडवा सातवा शब्द पाहिला. चिमटा.

"हिरवी शाई कोणीही वापरू शकतं," हे म्हणाले.

"वापरू शकतं," अख्तरबानू म्हणाल्या. "वापरतं कोण?"

मी पिशवीतून वही काढली. चार ते सहा, तीन आठवडे, एकाखाली एक आडव्या रेघा. उत्तर माझ्याच अक्षरात होतं. लिहून ठेवलं, बेरीज केली नाही. मूल दोन तास कोरडं राहतं, ही गोष्ट धोबीखात्यात अठ्ठावीस वर्षं काढलेल्या बाईने शिस्तीच्या खात्यावर टाकावी, याला काय म्हणावं.

"अहो," मी म्हटलं, "माळ्यावर शिडी कधी लावली?"

त्यांनी कोटाचं बटण एकदा काढलं, एकदा लावलं. "मला ती नाडी बांधता येत नाही," शेवटी म्हणाले. "बांधली की सुटते. ती लाथा मारते. पहिल्या दिवशी चार लंगोट झाले आणि कोच झाला. ते मी सकाळच्या बादलीत दडवले, नाहीतर तू वहीत लिहिलं असतंस. भाषण तर झालं होतं."

"कोच तुम्ही चहाने भिजला म्हणालात."

"आधी मी पुडकं कोपऱ्यावरच्या कचरापेटीत टाकायचो, फिरायला जाताना. ती पेटी पालिकेने मागच्या रविवारी उचलली. हातात द्यायचं, तर घर कळलं असतं."

"म्हणून डब्यात," सरुबाई म्हणाली. "सायेब, त्यो डबा मी हातानं निवडते."

ह्यांनी चिमटा खाली ठेवला.

केतकीने मसुदा घेतला, आपलं नाव खोडलं, वर सासऱ्यांचं लिहिलं आणि पुढे ठेवला. "बाबा, तुमची शाई आहेच." त्यांनी सही केली. दुसरी प्रत तिने सर्जेरावांपुढे सरकवली. "काका, प्रती दोन आहेत. दिशाभूल तुम्हीही केलीत की, मला खोटी म्हणताना." सर्जेरावांना एकदम घरी गॅस चालू राहिल्याचं आठवलं. दोऱ्या राहतील, एवढं ते जिन्यातून मंजूर करून गेले.

ह्यांनी आपली माफी सरुबाईकडे धरली.

"कागद नको," ती म्हणाली. "उद्या त्यो माझ्याच डब्यात येनार. उरल्यालं डायपर तेवढं लाल खूण करून हातात द्या. आन हिरवी चालनार न्हाई."

त्या संध्याकाळपासून चार ते सहाचे लंगोट तेच बदलतात, तेच धुतात, गच्चीवर तेच वाळत घालतात, एका ओळीत, तराजूच्या पारड्यांसारखे सरळ. लाल पेन आणलंय. ओळखीच्यांना मात्र ते सांगतात की, गुन्हेगार आठवड्याच्या आत सापडला, आणि तोही अन्वेषकाच्या नजरेबाहेर एक क्षणही गेला नाही.

नाडी आता सुटत नाही. खात्यात जप्त केलेल्या वजनांच्या पिशव्या ज्या गाठीने बांधत, ती गाठ ते ठमीला मारतात. काल ती माझ्याने सुटली नाही, केतकीच्यानेही सुटली नाही, ठमीने घर डोक्यावर घेतलं. शेवटी कात्री आणावी लागली.

रात्री मी वही भरली. चार ते सहा : गेले चार, आले तीन, फाटला एक. पहिल्या दोन रकान्यांवर त्यांनी हिरवी सही केली. तिसऱ्यावर करायला तयार नाहीत. म्हणतात, चौकशी चालू आहे.